ब्राँझच्या पदकावर बिशपांचा चेहरा कसा उतरतो?

पोप फ्रान्सिस यांचं २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झालं आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले. नवे पोप आले की त्यांच्या चेहऱ्याची पदकंही निघतात, ही रोममधली काही शतकं जुनी रीत. पुण्याशी या नावाचा थेट धागा आहे. नव्या पोपनी ज्यांचं नाव घेतलं त्या लिओ तेराव्यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडी इथे पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, स्थापन केली, आणि १९५५ मध्ये ती पुण्यात नगर रोडवर आली. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे पुण्यात येऊन गेले. त्यामुळे इथल्या धर्मप्रांतात, चर्चमध्ये, ख्रिस्ती शाळा-कॉलेजांत एखाद्या बिशपांचा रौप्यमहोत्सव किंवा पदग्रहण जवळ आलं की ‘आपणही एक ब्राँझचं पदक करू या’ हा विषय समितीसमोर येतोच.

पुढे बहुतेक वेळा असं होतं: कुणीतरी ट्रॉफीच्या दुकानात फोटो देऊन येतं, पंधरा दिवसांत सोनेरी चकत्या हातात पडतात, आणि त्यावरचा चेहरा टोपी घातलेल्या कोणत्याही गृहस्थांचा असू शकतो. हे का होतं आणि टाळायचं कसं, ते इथे पायरीपायरीने पाहू.

हे पदक कोणतं आणि कोणतं नाही

चार वस्तूंची गल्लत होते. पहिली, गळ्यात घालायचं भक्तिपदक: पॅरिसमध्ये १८३२ पासून निघू लागलेलं मरियामातेचं ‘चमत्कारी पदक’ हे त्याचं सर्वांत परिचित रूप. त्याला कडी असते आणि ते आशीर्वादित करून घेतात. दुसरी वस्तू म्हणजे फीत लावून छातीवर मिरवायचं सन्मानपदक. तिसरं, नाणं. भारत सरकारने संत अल्फोन्सा यांच्यावर २००९ मध्ये आणि मदर तेरेसा यांच्यावर २०१० मध्ये पाच आणि शंभर रुपयांची स्मारक नाणी काढली. नाण्याला दर्शनी मूल्य असतं आणि ते काढण्याचा हक्क फक्त सरकारचा. म्हणून खासगी पदकावर ‘रुपये’ किंवा आकडी किंमत चुकूनही घालू नये.

चौथी वस्तू आपल्या विषयाची: स्मारक व्यक्तिपदक. कडी नाही, फीत नाही, किंमत नाही. तळहातावर ठेवून, उजेडात तिरपी करून पाहायची ही छोटी शिल्पाकृती असते. पुढच्या बाजूला चेहरा, मागच्या बाजूला प्रसंग.

या प्रकाराची सुरुवातच मुळी एका धर्मसभेच्या निमित्ताने झाली. पूर्व आणि पश्चिमेकडची चर्च एकत्र यावीत म्हणून १४३८ मध्ये इटलीतल्या फेरारा शहरात सभा भरली. तिला बायझंटाइन सम्राट आठवा जॉन आला होता. पिसानेल्लो या चित्रकाराने त्याचं सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचं पदक ओतलं. एका बाजूला उंच टोकदार टोपीतला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडेच्या क्रुसासमोर थांबलेला घोडेस्वार. आधुनिक व्यक्तिपदकांची परंपरा इथून मोजतात. पुढे पोप दुसरे पॉल यांनी रोममधल्या आपल्या वाड्याच्या भिंतींत आणि पायात स्वतःची पदकं मातीच्या भांड्यांत घालून पुरली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोपचं वार्षिक पदक निघू लागलं, आणि ते २९ जूनच्या संत पेत्र-पौल यांच्या सणाशी जोडलं गेलं.

सगळं अवलंबून असतं उठावावर

सपाट पृष्ठावरून आकृती जेवढी वर येते त्याला उठाव म्हणतात. मराठी घरात हे समजायला लांब जावं लागत नाही. देवघरातला खंडोबाचा टाक डोळ्यासमोर आणा. पातळ पत्रा ठशावर दाबून घोडा, स्वार, तलवार, सगळं काही मिलिमीटरच्या उंचीत बसवलेलं असतं, तरी घोडा पुढे आणि पार्श्वभूमी मागे हे नजरेला लगेच कळतं. फरक एवढाच की टाकावरचा देव त्याच्या खुणांवरून ओळखायचा असतो. पदकावरचे बिशप त्यांच्या नाकावरून, जिवणीवरून, भुवईवरून ओळखू आले पाहिजेत.

आता आकडे पाहू. माणसाचं डोकं साधारण २२ सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद. बाजूने पाहिलेला चेहरा घेतला, म्हणजे एका कानापासून नाकाच्या मध्यरेषेपर्यंतची खोली साडेसात सेंटिमीटर. ७० मिलिमीटर व्यासाच्या पदकावर डोकं साधारण ४५ मिलिमीटर उंच बसतं, म्हणजे सगळं पाचपट लहान झालं. त्या हिशेबाने खोली १५ मिलिमीटर व्हायला हवी. पण पदकाचा उठाव जेमतेम ३ मिलिमीटर. म्हणजे खोली आणखी पाचपट दाबायची.

पापणीची कड प्रत्यक्षात दोनएक मिलिमीटर जाड असते. पाचपट लहान केली की ०.४, आणि पुन्हा पाचपट दाबली की ०.०८ मिलिमीटर. एवढी कड पॉलिशच्या एका हातात पुसली जाते. डोळा गेला की चेहरा गेला.

म्हणून उठावकाम करणारा शिल्पकार सगळं एकसारखं दाबत नाही. गाल, कानामागचा भाग, खांदा, टोपीची बाजू ही मोठी पृष्ठं तो पाचऐवजी आठ-दहापट चपटी करतो, आणि पापणी, नाकपुडी, ओठांची फट यांना जवळजवळ पूर्ण उंची ठेवतो. पुढे काय आणि मागे काय हा क्रम मात्र कुठेही मोडू द्यायचा नाही. कान गालापेक्षा वर राहिला पाहिजे, आणि पलीकडचा खांदा पार्श्वभूमीत विरघळला पाहिजे. हा निवाडा हाताचा आणि नजरेचा आहे. उत्तम पुतळे घडवणारा प्रत्येक शिल्पकार उठावकामात तेवढाच तरबेज असतो असं मुळीच नाही. पुण्यात पुतळे आणि गणपती घडवणारे कुशल हात पुष्कळ आहेत, पण पदकाचं काम देण्याआधी त्यांनी केलेला एखादा उठाव मागून बघावा.

नमुना पदकाच्या तिप्पट मोठा करतात: ७० मिलिमीटरच्या पदकासाठी २१० मिलिमीटरची चकती आणि ९ मिलिमीटरपर्यंत उठाव. शाडू इथे बरा नाही. तो वाळताना आकसतो आणि बारीक अक्षरांपाशी तडकतो. तेलात मळलेली, न वाळणारी मॉडेलिंगची माती घ्यावी. काम चालू असताना एकच दिवा वर डावीकडे, साधारण तीस अंशांवर ठेवून पाहायचं. दिवा समोरून असला की सगळंच छान दिसतं आणि चुका लपतात. मग तोच दिवा उजवीकडे नेऊन पुन्हा पाहायचं. दोन्ही उजेडांत माणूस ओळखू आला तर नमुना पास.

समितीने नमुना पाहायला जावं ते याच टप्प्यावर. मातीत नाक बदलायला दहा मिनिटं लागतात. पोलादाच्या डायमध्ये, म्हणजे पदक ठोकण्याच्या साच्यात, ते बदलता येत नाही.

चष्मा हा कायमचा पेच. पुष्कळ बिशप चष्मा लावतात आणि लोकांच्या डोळ्यांसमोर तोच चेहरा असतो. काच दाखवायचा प्रयत्न केला की डोळ्यावर फोड आल्यासारखी दिसते. काच पूर्ण सोडून द्यायची, फ्रेमची वरची रेघ आणि कानाकडे जाणारी दांडी एवढंच बारीक उचलायचं, खालची कड गालात विरू द्यायची. मायटर, म्हणजे बिशपांची उंच दोन टोकांची टोपी, हाही विचार करून घ्यायचा भाग. तिने पदकाची निम्मी उंची खाल्ली की चेहरा २५ मिलिमीटरवर येतो. व्यास ६० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर डोक्यावर फक्त छोटी गोल टोपी ठेवणं शहाणपणाचं.

फोटोवरून कॉम्प्युटर करून देत नाही का?

करून देतो, आणि बाजारातली निम्मी पदकं अशीच होतात. फोटोतल्या उजेड-सावलीचं रूपांतर उंच-सखल भागात करणारी सॉफ्टवेअर आहेत. अडचण अशी की फोटोतलं गडद म्हणजे खोल, हे गणित चेहऱ्याला लागू पडत नाही. काळी दाढी गडद असते, म्हणून मशीन तिथे खड्डा करतं. कपाळावर फ्लॅश चमकला की तिथे टेकडी उगवते. थ्री-डी स्कॅन याहून पुष्कळ बरा, पण स्कॅन सरसकट दाबला की वर सांगितलेलं पापणीचं गणित पुन्हा आडवं येतं.

कॉम्प्युटर वापरावा तो नंतर. हाताने केलेला २१० मिलिमीटरचा नमुना स्कॅन करून ७० मिलिमीटरवर आणणं आणि त्यावरून डाय कोरणं, हे आजचं सीएनसी मशीन फार नेमकेपणाने करतं. पूर्वी हेच काम पँटोग्राफच्या तत्त्वावर चालणारं लघुकरण यंत्र करायचं: एक सुई मोठ्या नमुन्यावरून फिरायची, आणि दुसऱ्या टोकाचं कटर तीच हालचाल लहान प्रमाणात पोलादावर उतरवायचं. यंत्र बदललं, मूळ नमुन्याची गरज तशीच राहिली.

नमुना देण्यासाठी छायाचित्रं मात्र नीट लागतात. पूर्ण बाजूचा, तीन-चतुर्थांश आणि समोरचा, असे किमान तीन फोटो, चेहऱ्याच्या उंचीवर कॅमेरा धरून, दोन-तीन मीटर लांबून झूमने काढलेले. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान येतात, आणि ती चूक मग ब्राँझमध्ये कायमची राहते.

ब्राँझ म्हणजे नक्की कोणतं?

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील यांचं मिश्रण. पण ऑर्डरवर नुसतं ‘ब्राँझ’ लिहिणं पुरेसं नाही. ओतण्यासाठी आपल्याकडच्या फाउंड्र्या बहुधा गनमेटल वापरतात: तांबं ८५ टक्के, आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. ते साच्यात छान वाहतं आणि छिन्नीला मऊ लागतं. प्रेसखाली ठोकायचं असेल तर कथील जास्त असून चालत नाही, धातू लवकर कडक होऊन चिरतो. म्हणून ठोकलेली पुष्कळशी ‘ब्राँझ’ पदकं खरं तर ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त अशी असतात. यात फसवणूक नाही, पदकांच्या व्यवसायात ते रूढ आहे. घरातली काशाची वाटी त्याच कुळातली, पण तिच्यात कथील साधारण २२ टक्के. ती खणखणते, आणि थंड असताना जोरात ठोकली तर फुटते.

ट्रॉफीच्या दुकानात ‘ब्राँझ फिनिश’ म्हणून जे मिळतं ते जस्ताच्या मिश्रधातूवर केलेलं प्लेटिंग. काही वर्षांत काठावरून ते झिजतं आणि खालचा राखाडी धातू दिसू लागतो. वजनावरूनही अंदाज येतो. ७० मिलिमीटर व्यासाचं, सरासरी ५ मिलिमीटर जाडीचं खरं ब्राँझ पदक सुमारे १७० ग्रॅम भरतं. जस्ताच्या मिश्रधातूचं तेवढंच पदक साधारण १३० ग्रॅमच्या आसपास येईल.

ओतायचं की ठोकायचं?

संख्येवर ठरवा. पन्नासपर्यंत हवी असतील तर ओतकाम, शंभराच्या पुढे गेलात तर ठोककाम. मधल्या आकड्याला दोन्हीकडून दर मागवावेत.

ओतकामाचा क्रम असा. वर सांगितलेला तिप्पट नमुना डायसाठी. ओतकामासाठी मात्र नमुना पदकाच्याच मापाचा, पण किंचित मोठा लागतो. मेण साधारण एक टक्का आणि ब्राँझ दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणून ८० मिलिमीटरचं पदक हवं असेल तर नमुना सव्वाब्याऐंशीच्या आसपास धरावा. त्यावर सिलिकॉन रबराचा साचा, साच्यात मेणाची प्रत. मेणाच्या काठाला धातू आत येण्याची वाट आणि हवा बाहेर जाण्याची वाट जोडतात. ही जोडणी काठावरच करायची, चेहऱ्यावर कधीही नाही. मग सगळ्याभोवती इन्व्हेस्टमेंटचा लेप, म्हणजे उष्णता सोसणारं प्लास्टर. साचा हळूहळू सातशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून मेण पूर्ण जाळून टाकतात, नंतर चार-पाचशे अंशांवर आणून त्यात साधारण ११०० ते ११५० अंशांचं ब्राँझ ओततात.

बिघडतं ते इथे. मेणाचा किंवा ओलाव्याचा अंश राहिला तर वायू धरतो आणि गालावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. साचा थंड असला तर धातू बारीक अक्षरांत पोचण्याआधी गोठतो आणि ‘रौप्यमहोत्सव’ची मात्रा गायब होते. धातू गरजेपेक्षा जास्त तापवला तर तो हवा पितो आणि पृष्ठ खरबरीत निघतं. थंड झाल्यावर वाटा कापून, कानशीने काठ सारखा करून, बारीक छिन्न्यांनी डोळा-केस-अक्षरं उजळायची. हे छिन्नीकाम ज्याने नमुना केला त्याच्याच नजरेखाली व्हायला हवं. एरवी पॉलिशवाला सवयीने बफ फिरवतो आणि भुवई सपाट होते.

ठोककामाला पोलादाच्या दोन डाय लागतात, पुढची आणि मागची, आणि चकतीला बाजूने आवळून धरणारी कॉलर. भोसरी-पिंपरीतल्या टूलरूमना डाय कोरणं आणि ती पाणी देऊन कडक करणं नवीन नाही. पदकाची सवय मात्र थोड्यांना. सांगायच्या गोष्टी तीन. प्रत्येक उभ्या कडेला बाहेर पाच ते दहा अंशांचा उतार हवा, नाहीतर पदक डायमध्ये अडकतं. कुठलाही भाग आत वळलेला नको. मायटरच्या मागे सुटलेल्या फितीखाली पोकळी ठेवलीत तर पदक बाहेरच येणार नाही. आणि पुढे उंच उठाव असेल त्याच्या बरोबर मागे दुसऱ्या बाजूलाही उंच उठाव ठेवू नका. दोन्हीकडे एकाच ठिकाणी धातू चढवायचा तर तो आणायचा कुठून? नाकाचा शेंडा भरत नाही, तिथे चपटा डाग राहतो.

५० मिलिमीटरच्या पदकाला दोन-तीनशे टनांचा दाब सहज लागतो, ७० मिलिमीटरला चारशेच्या आसपास. तीन मिलिमीटरचा उठाव एका फटक्यात भरत नाही. तांब्याची तार दोन-चार वेळा एकाच जागी वाकवून पाहा, ती कडक होत जाते. पदकाची चकतीही दाबाखाली तशीच कडक होते. म्हणून एक-दोन फटक्यांनंतर ती सहाशे ते साडेसहाशे अंशांवर मंद लाल होईपर्यंत तापवतात, पाण्यात निववतात, सौम्य गंधकाम्लात काळपटपणा काढतात, धुतात, आणि पुन्हा प्रेसखाली. पोलादाप्रमाणे पाण्यात बुडवल्याने तांब्याचा मिश्रधातू कडक होत नाही, उलट मऊच राहतो. उंच उठावाला हे चक्र तीन-चार वेळा करावं लागतं. दर कमी सांगणारा बहुधा हीच चक्रं वाचवतो. त्याची खूण म्हणजे धूसर केस आणि पातळ, पसरट नाक.

तांबट आळीतले कारागीर हे करून देतील का, असंही विचारलं जातं. त्यांचं मठारकाम हातोडीने पत्र्यावर ठोके उमटवण्याचं, त्यातून घाटदार भांडी घडतात. ते कसब मोठं आहे, पण भरीव पदकाची डाय आणि प्रेस ही वेगळीच वाट.

देवनागरी अक्षरं गोल फिरवताना

रोमन मोठी अक्षरं एका पट्टीत बसतात. देवनागरीला तीन मजले लागतात: वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. रोमन अक्षर २.५ मिलिमीटर उंच असलं तरी वाचता येतं, देवनागरीला एकूण साडेतीन मिलिमीटर धरा. काठ आणि मात्रा यांच्यामध्ये दीड मिलिमीटर मोकळं सोडा, एरवी रफार काठाला चिकटतो.

७० मिलिमीटरच्या पदकावर ३० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरलं तर परीघ १८८ मिलिमीटर. त्यातला दोन-तृतीयांश भाग लेखनाला मिळतो, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटर. पेपल सेमिनरीचं लॅटिन बोधवाक्य ‘फिलिई तुई इंडिया अद्मिनिस्त्री तिबी सालुतिस’ (हे भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील) रोमन लिपीत ३४ अक्षरांचं आहे. ते या जागेत आरामात बसतं. मराठीत तीसेक अक्षरांच्या पुढे जाऊ नये. पदव्यांची माळ, धर्मप्रांताचं पूर्ण नाव, प्रसंग आणि तारीख असं सगळं पुढच्या बाजूला कोंबलं की चेहरा मध्ये गुदमरतो. पुढे नाव पुरे.

कॉम्प्युटरमध्ये तयार फाँट वर्तुळावर वाकवला तर शिरोरेखेचे तुकडे पडतात आणि प्रत्येक जोडावर कोपरा दिसतो. शिरोरेखा ही एक सलग कमान म्हणून काढायची, शब्दापाशी तोडायची आणि अक्षरं तिला लटकवायची. एखाद्या चांगल्या सुलेखनकाराकडून हे काढून घेतलं तर पदकाचा दर्जाच बदलतो. ‘ष’, ‘भ’, ‘श्र’ यांच्या आतल्या फटी ०.४ मिलिमीटरपेक्षा अरुंद राहिल्या तर बुजतात. जुन्या पद्धतीत अक्षरं प्लास्टरच्या उलट्या साच्यात उलटी कोरतात, म्हणजे सुलट्या प्रतीत ती सफाईने वर येतात. मातीवर एकेक अक्षर चिकटवण्यापेक्षा हे पुष्कळ नेटकं होतं.

मागची बाजू: रंग नाही, तर मानचिन्ह कसं दाखवायचं?

कॅथलिक बिशपांचं मानचिन्ह ढालीच्या आकाराचं असतं आणि त्यावर रुंद काठाची टोपी व दोन्ही बाजूंना गोंडे. रंगीत छपाईत टोपीच्या रंगावरून पद कळतं: बिशप आणि आर्चबिशप यांची हिरवी, कार्डिनलची लाल. ब्राँझमध्ये रंगच नाही, त्यामुळे सगळा भार गोंड्यांच्या संख्येवर येतो. बिशपांना प्रत्येक बाजूला ६, आर्चबिशपांना १०, कार्डिनलना १५. जागा पुरत नाही म्हणून कारागिराने दोन्हीकडचे चार-चार गोंडे वगळले तर आर्चबिशपांचे बिशप होतात! मंजुरीच्या कागदावर ही संख्या लिहूनच द्यावी.

ढालीतल्या रंगांसाठीही सोय आहे. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेसुइट धर्मगुरूंनी १६३८ मध्ये रूढ केलेली रेघांची पद्धत आजही चालते: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या म्हणजे हिरवा, उभ्या-आडव्या जाळीचा काळा, ठिपक्यांचा सोनेरी, कोरा भाग रुपेरी. ढाल २५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर या रेघा बुजून नुसता खरबरीतपणा उरतो. तेव्हा रेघा सोडून आकृत्यांवर भर द्यावा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा इतर प्रोटेस्टंट चर्चमध्ये ही गोंड्यांची रीत लागू नाही. त्यांचं स्वतःचं बोधचिन्ह त्यांच्याच कार्यालयाकडून घ्यावं.

चर्चच्या इमारतीचा दर्शनी भाग मागच्या बाजूला घालण्याचा मोह फार. नाना पेठेतल्या, १७९२ पर्यंत मुळं जाणाऱ्या सिटी चर्चसारखी वास्तू असली की तो स्वाभाविकही आहे. पण पूर्ण इमारत ५० मिलिमीटरमध्ये आणली की खिडक्यांचे ठिपके होतात. एक कमान, एक मनोरा, एक दार उचललं तर ते बोलतं.

एक नियम समित्या विसरतात. ज्यांना संत किंवा धन्य घोषित केलेलं नाही त्यांच्या डोक्यामागे प्रभावळ घालू नये. पोप अर्बन आठवे यांनी १६२५ मध्येच त्याला मनाई केली. दिवंगत बिशपांबद्दल लोकांच्या मनात कितीही आदर असला तरी तेजोवलय आणि ‘संत’ हा शब्द दोन्ही बाजूला ठेवावेत.

धर्मगुरूंचं पदक म्हणजे व्यक्तिपूजा नाही का? आणि एवढा खर्च?

हा आक्षेप मनापासून घ्यावा असा आहे, आणि त्याचं उत्तर मागच्या बाजूने द्यावं. पिसानेल्लोनेही पदकाच्या मागे सम्राटाचं सिंहासन न दाखवता त्याला क्रुसासमोर उभं केलं. माझ्या मते जिवंत बिशपांच्या पदकावर मागच्या बाजूला त्यांचं काम किंवा तो प्रसंग यावा: दवाखाना, शाळा, दीक्षेचं वर्ष, धर्मप्रांताचं नाव. पुणे धर्मप्रांत १८८६ चा. त्या साखळीतली ही एक कडी, एवढं सांगितलं की पदकाचा सूर बरोबर लागतो.

खर्चाची विभागणी बहुतेक वेळा उलटी होते. पदकात धातू असतो जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. खरा खर्च नमुन्याचा आणि डायचा, आणि तो दहा पदकांना किंवा दोनशे पदकांना तेवढाच. काटकसर करायची तर व्यास ७० वरून ६० वर आणा, धातू चतुर्थांशाहून जास्त वाचतो. मखमली डबी सोडा, सोन्याचं प्लेटिंग सोडा, संख्या कमी करा. शिल्पकाराच्या मोबदल्यात घासाघीस करू नका, कारण लोकांना पुढे दिसणार आहे ते त्याचंच काम.

तपकिरी रंग आणि पुढची निगा

नवं ब्राँझ भडक पिवळट-तांबूस दिसतं आणि चमकेमुळे उठाव वाचता येत नाही. म्हणून त्याला पटिना देतात, म्हणजे रसायनाने मुद्दाम आणलेला गडद थर. नेहमीची रीत पोटॅशियम सल्फाइडच्या कोमट, पातळ द्रावणाची: लिटरला पाच ते दहा ग्रॅम. पदक आधी तेलकटपणा काढून स्वच्छ करायचं, द्रावणात तपकिरी होऊ द्यायचं, धुवायचं, मग प्यूमिस पावडरीने फक्त उंच भाग हलके घासायचे. खोलगट भागात काळोख राहतो आणि कपाळ, नाक, गाल उजळतात. चेहरा उठून येतो तो या पायरीने. शेवटी कोमट पदकावर मेणाचा पातळ हात. या द्रावणात आम्ल मिसळलं तर विषारी वायू सुटतो, त्यामुळे गंधकाम्लाचं भांडं आणि हे भांडं एकाच टेबलावर नको.

घरी आल्यावर सर्वांत मोठा धोका चिंच, लिंबू आणि तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर यांचा. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी प्रेमाने पदक लखलखीत करतं आणि पटिना कायमची जाते. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसणं एवढंच करावं. धरताना काठाने धरावं, कारण घामातलं मीठ नुकसान करतं.

पावसाळ्यात पदकावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ती साधी हिरवट पटिना नसते. मिठातलं क्लोराइड, दमट हवा आणि तांबं यांची ती साखळी-क्रिया आहे, आणि ती आपणहून थांबत नाही. धातू आतून पोखरत जाते. असं पदक लगेच इतरांपासून वेगळं करा, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा आणि धातुसंवर्धन जाणणाऱ्याला दाखवा. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा-तपकिरी थर मात्र निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नका.

पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात पदक ठेवू नये. त्या प्लास्टिकमधून आम्ल सुटतं आणि हिरवा चिकटा धरतो. नवीन पॉलिशच्या लाकडी डब्या आणि लोकरीचं अस्तरही टाळावं. आम्लरहित कागद आणि साधा पुठ्ठ्याचा आम्लरहित डबा पुरतो.

नव्या इमारतीच्या पायात पदक घालायचं असेल तर ते सिमेंटला टेकू देऊ नका. कोरडं पदक काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, सोबत सिलिका जेल, आणि बरणीभोवती कोरडी वाळू असा क्रम ठेवा. शिल्पकाराचं नाव, मिश्रधातूचं प्रमाण, एकूण किती पदकं काढली आणि डाय कुणाकडे आहेत हे एका कागदावर लिहून त्याची प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात ठेवा. प्रत्येक पदकाच्या काठावर क्रमांक ठोकून घ्या, आणि ठरलेली संख्या पूर्ण झाली की डायवर आडवी खूण मारून ती बाद करा.